साळवे मास्तरांचा लाल कोट

साळवे मास्तरांच्या छातीत कळ आली तेव्हा गाणं निम्मंसुद्धा झालं नव्हतं. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या नाहीत.

मी समोरच्या खुर्चीवर बसून लसूण सोलत होते. रविवारची सकाळ. मास्तरांच्या अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि पुढ्यात प्लास्टिकचा ढोल. बघता बघता चेहरा राखेसारखा झाला आणि कपाळावरून घामाची धार निघाली. डावा हात काठीसकट मांडीवर पडला. उजवा चालूच.

"मास्तर, थांबा," मी म्हटलं.

"थांबता येत नाही, आक्का. पोरगी पडेल."

पोरगी अमेरिकेत होती. ती तिथून कशी पडणार, हे तेव्हा विचारत बसायला वेळ नव्हता. पण तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारा भ्रमिष्ट होता. तसा तो नव्हता. म्हणजे फार नव्हता.

भिकाजी साळवे माझे शेजारी. येरवड्यात आमच्या इमारतीत त्यांची आणि माझी भिंत एक आहे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लग्नाच्या बँडचा जो मालक आणि म्होरक्या, त्याला मास्तर म्हणतात. बावीस माणसांचं पथक होतं त्यांचं, आणि ते स्वतः मोठा ढोल वाजवायचे. पुढे लग्नात डीजे आला. एक टेम्पो, भिंतीएवढे स्पीकर आणि बटणं दाबायला एक माणूस. बाविसांचं काम तो एकटा करायला लागला आणि बावीस जण घरी बसले. मास्तर यावर कधी काही बोलले नाहीत. ढोल माळ्यावर टाकला, त्याचं कातडं उंदरांनी खाल्लं, त्यावरही बोलले नाहीत. एरवी मात्र गप्प बसत नसत.

ढोल वाजवणाऱ्याचा त्यांच्या धंद्यात एक नियम असतो. क्लॅरोनेटवाला दम लागला की थांबतो, ट्रंपेटवाला पाणी प्यायला जातो. ढोलवाल्याने नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत थांबायचं नाही. बाकीचे चुकले, मागे पडले, तरी ढोल ऐकून परत जागेवर येतात. ढोलच थांबला तर वरात जागच्या जागी मोडते. हा नियम मास्तरांनी बँड बंद झाल्यावर सगळ्या जगाला लावला. नळाचं पाणी गेलं की जिन्यात विचारायचे, "उतरला का नवरदेव?" कुकरची तिसरी शिट्टी झाली की भिंतीपलीकडून आवाज, "आक्का, उतरला नवरदेव, गॅस बंद करा." सोसायटीच्या सभेत आमचे चेअरमन कुलकर्णी पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलले, तेव्हा हे मागून म्हणाले, "अहो, उतरवा त्याला. घोडं दमलं."

माणसं ते वाद्यांत मोजायचे. कुलकर्णी क्लॅरोनेट, कारण पुढेपुढे करतात. माझी सून झांज. मी विचारलं, मी कोण. म्हणाले, "तुम्ही मोठा ढोल. सूर एकच, पण चौकापर्यंत जातो." मंडईत चाळीस वर्षं पालेभाजी विकली की आवाज असाच होतो. मला त्यात स्तुती दिसली नाही.

बायको लवकर गेली. मुलगी वैशाली हिला त्यांनी एकट्याने वाढवलं. दुपारच्या वरातीनंतर बँडवाल्यांची पंगत बसायची, त्यातली जिलबी कागदात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात घालून आणायचे. त्या खिशाचं अस्तर पाकाने असं कडक झालंय की घडी घातली तर मोडेल. लोकांच्या लग्नातल्या जिलब्या खाऊन पोरगी इंजिनियर झाली, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि तिथून अमेरिकेला गेली. तिकडेच एका मुलाशी तिने नोंदणी करून लग्न केलं आणि फोनवर कळवलं. मास्तर मला म्हणाले, "बरं झालं. कटकट वाचली." मीही म्हटलं, बरं झालं.

लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा ती हा खेळ घेऊन आली. टीव्हीला जोडायचा एक डबा, एक प्लास्टिकची गिटार आणि चार रंगांच्या चार तबकड्यांचा ढोल. खाली पायाने दाबायची पट्टी. परदेशातला एक फार मोठा जुना बँड आहे म्हणे, चार जणांचा. ते चौघे टीव्हीत त्यांची गाणी म्हणतात आणि आपण घरात बसून त्यांच्याबरोबर वाजवायचं. पडद्यावर रंगीत पट्ट्या घसरत येतात. लाल आली की लाल तबकडीवर मारायचं, पिवळी आली की पिवळीवर. चुकत गेलात की पडद्याच्या कडेची तुमची खूण खाली घसरते, ती तळाला गेली की पडलात. मग बरोबरच्या माणसाने आपल्याकडची साठवलेली ताकद खर्चून तुम्हाला उचलायचं. असं दोनदाच उचलता येतं. तिसऱ्यांदा पडलात की दोघांचंही गाणं बंद, आणि टीव्हीतली माणसं हुर्यो करतात.

पोरगी हे समजावत होती तेव्हा मी तिथे होते. मास्तर नुसतं ऐकल्यासारखं करत होते. मग एका गाण्यात ते चौघे रंगीत कोट घालून आले. निळा, गुलाबी, पिवळा, लाल, खांद्यावर गोंडे, छातीवर सोनेरी पट्ट्या. मास्तर ताडकन उभे राहिले.

"हे बँडवाले आहेत."

"मी तेच सांगतेय ना बाबा तुम्हाला केव्हापासून."

"तसं नाही. हे लग्नातले आहेत. आपल्यातले."

पोरीने परोपरीने सांगितलं की हे वरातीत वाजवत नव्हते, जगभर नाव होतं, त्यांना बघून मुली रडायच्या. मास्तर म्हणाले, नवरीकडच्या मुली आमच्याही वेळी रडायच्या. मग विचारलं, पथक किती माणसांचं. चार म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. चार माणसांत वरात कशी निघणार. हे असे किती वर्षं टिकले, तर दहाएक. पुढे काय झालं, तर भांडणं झाली आणि फुटले.

"क्लॅरोनेटवाल्याने लावली असणार," मास्तर म्हणाले.

"त्यांच्यात क्लॅरोनेटवाला नव्हता, बाबा."

"तरी फुटले? कमाल आहे."

पण ढोलवाल्याला ते फार मानायचे. तिघे पुढे नाचतात, केस उडवतात, हा मागे बसून मान डोलावत आपलं काम करतो. "याला कळतंय," असं म्हणायचे. त्याचा कोट मात्र बगलेत चुकलेला आहे आणि शिंप्याला ढोल वाजवणाऱ्याचं माप घेता आलं नाही, हे ते मला दर रविवारी दाखवायचे.

पोरगी परत गेली आणि तिने तिकडेही तसलाच डबा घेतला. इंटरनेटवरून दोघांचं गाणं जुळायचं. आमची रविवारची सकाळ म्हणजे तिची शनिवारची संध्याकाळ. ती गिटार, हे ढोल. मास्तर सहाला उठून दाढी करायचे, कोट घालायचे, टोपीला ब्रश मारायचे. कोटाची पँट पोटावर बसत नव्हती म्हणून खाली लेंगा. मग कानांवर ऐकायचं-बोलायचं टोपडं चढवायचे, बोलायचं बटण गाणं संपेपर्यंत बंद ठेवायचे आणि सुरू. गाणं त्यांच्या कानात आणि माझ्या भिंतीत नुसतं टपटप, टपटप. प्लास्टिकवर काठी बडवल्याचा आवाज किती वाईट असतो ते ज्याच्या भिंतीला लागून आहे त्याला विचारा. पहिल्या रविवारी मी भांडायला गेले. त्यांनी चहा केला, खुर्ची दिली आणि गाणं मलाही ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे आता टपटपही आणि गाणंही. पुढच्या रविवारी मी लसूण घेऊन गेले.

कुलकर्ण्यांनी खाली फळ्यावर लिहिलं, 'रविवारी सकाळी प्लास्टिक बडवणाऱ्यांनी इतरांचे कान प्लास्टिकचे नाहीत हे ध्यानात ठेवावे.' मास्तरांनी त्याखाली खडूने लिहिलं, 'लय चुकली असल्यास कळवावे.' दोघांचं बोलणं तिथे संपलं ते संपलंच. तरी ढोलाखाली एक जुनी गोधडी आली, हे मी पाहिलं.

दर रविवारी बघून बघून मला एक कळलं. पोरीचं गिटारीत फारसं डोकं नव्हतं. ती पडायची. मास्तर आपली साठवलेली ताकद स्वतःच्या नंबरासाठी एकदाही वापरायचे नाहीत. तिची खूण खाली घसरायला लागली की काठ्या सरसावून बसायचे आणि पडली की लगेच उचलायचे. उचलताना तोंडाने काही बोलायचे नाहीत. तिला वाटायचं, आपल्याला जमतंय.

तर त्या दिवशी ती अजून एकदाही पडली नव्हती, पण मास्तर एका हाताने वाजवत होते आणि त्यांची खूण खाली चालली होती.

मी मांडीवरचा लसूण सांडून उठले आणि मास्तरांच्या ओट्यावरचा वरवंटा आमच्या मधल्या भिंतीवर आपटला. सून आली. तिला म्हटलं, कुलकर्ण्यांना गाडी काढायला सांग, मास्तरांना दवाखान्यात न्यायचंय. ती पळाली. मी मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना गोधडीवर आडवं केलं. काठी सोडेनात.

"आक्का, काठ्या घ्या," ते म्हणाले.

"माझं डोकं फिरलेलं नाही."

"गाणं तुटलं तर तिला कळेल. ती तिथे एकटी काय करील? गाडी येईपर्यंत तरी."

मला हा मूर्खपणा वाटला. आजही वाटतो. पण माणूस छातीवर हात ठेवून पडलाय आणि मागतोय काय, तर दोन काठ्या चालवा. त्यात वाद घालून त्यांची छाती आणखी कशाला दुखवायची. मी बसले. पिवळी आली की पिवळीवर मारायचं, एवढंच तर होतं. पण तिला यायची काय घाई. मी मारेपर्यंत लाल येऊन गेलेली. मास्तर खालून डोळे मिटून सांगत होते, "लाल... लाल... पिवळी... पाय..." आणि मी मेथीच्या जुड्या आपटाव्यात तशी आपटत होते. खूण तळाला गेली आणि आमचा ढोल मुका झाला.

वाटलं, संपलं. तेवढ्यात पडदा चमकला आणि आमचा ढोल परत वाजायला लागला. पोरीने उचललं होतं.

मास्तरांनी डोळे उघडले. "तिने उचललं?"

"हो. आता बोलू नका, रंग सांगा."

आम्ही परत पडलो. तिने परत उचललं. आता तिसऱ्यांदा पडायची सोय नव्हती. त्यानंतर मी काय आणि कसं वाजवलं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की पिवळी तबकडी मधोमध तडकली आणि टीव्हीतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मास्तर टोपड्याचं बटण दाबून पोरीला म्हणाले, "छान वाजवलंस. ठेवतो." आणि मान टाकली.

कुलकर्णी बनियनवर आले होते. त्यांनी आणि माझ्या मुलाने मास्तरांना कोटासकट गाडीत घातलं. वाटेत कुलकर्णी एवढंच म्हणाले, "वाजवत होते तरी कशाला शेवटपर्यंत?" मी म्हटलं, "नवरदेव उतरायचा होता." त्यांनी दोन सिग्नल तोडले. नियमाचा माणूस, पण तोडले.

दवाखान्यात छातीला तारा लावायच्या होत्या आणि कोट निघेना. घामाने अंगाला चिकटलेला. नर्सबाईने कात्री घेतली. गाडीत डोळे मिटून पडलेला माणूस, त्याने तिचं मनगट धरलं.

"कापू नका, ताई. पोरीच्या लग्नात घालायचा आहे."

नर्सबाई चांगली होती. तिने कात्री ठेवली आणि एकेक बाही सोडवत मला विचारलं, "कधी आहे लग्न?"

"होऊन चार वर्षं झाली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोटाकडे पाहिलं. दर रविवारी दाढी, टोपीला ब्रश, गोंडे. इतके रविवार मी समोर बसून लसूण सोलला, पण एवढ्या थाटात हा माणूस कुठे निघालाय, हे कधी विचारलं नाही.

पोरीला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. मीच फोन केला. ती म्हणाली, मला दुसऱ्या कडव्यालाच कळलं होतं आक्का, बाबा कधी पडत नाहीत. मग उचलत का राहिलीस, विचारलं. तर म्हणाली, थांबले असते तर बाबांना कळलं असतं की मला कळलंय. मी फोन ठेवला. बापलेक सारखेच.

तिसऱ्या दिवशी मास्तरांना मला भेटू दिलं. नाकात नळी, आवाज बारीक.

"उतरला का नवरदेव?"

"उतरला," मी म्हटलं. "तुम्हीच उतरवला. आता गप पडून राहा."

कोट मी घरी आणला, धुतला, सावलीत वाळवला. आतल्या खिशाचं अस्तर तेवढं तसंच ठेवलं. पिवळी तबकडी काही सांधली नाही, ती टाकून दिली. साळवे मास्तर वाचले.