हेडसरांची अर्धी स्ट्रिप

मेडिकलकाकांनी तो सिनेमा बघायला नको होता. हे काकूंचं मत, आणि ते त्यांनी सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. पण मेहुण्यानं शिफारस केली होती, रविवारची दुपार होती, औषधांचं दुकान बंद होतं, आणि काकूंनी नको म्हटलेली गोष्ट करून बघायची संधी काकांना आठवड्यातून एकदाच मिळायची.

सिनेमा होता एका शीतगृहाच्या रखवालदाराचा. बिचाऱ्याला आठ महिने झोप नाही. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, आणि सगळं जग आपल्या वाईटावर टपलंय असा संशय. संशय घेत घेत तो शेवटी एका दारापाशी येतो, दार उघडतो, आणि त्याला आठवतं की आठ महिन्यांपूर्वी आपल्या सोबत्याला आत ठेवून आपणच कुलूप लावलं होतं. मधे एक डॉक्टरीण त्याला म्हणते, "ज्याला झोप येत नाही, त्याला काहीतरी आठवायचं राहिलेलं असतं." काकू पहिल्या दहा मिनिटांत सोफ्यावर झोपल्या. काका शेवटची नावं संपेपर्यंत पाय वर घेऊन बसले होते.

त्या रात्री काकांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर सोडून देता आलं असतं. पण काकांची झोप गल्लीत नावाजलेली. शेजारी एकदा चोर आले, मग पोलीस आले, मग पोलिसांचं कुत्रं आलं, काका सकाळी उठून विचारते झाले, "काल काही कार्यक्रम होता का?" असा माणूस छताकडे बघत पडला तर डॉक्टरणीचं वाक्य त्याला आठवणारच.

मग काकांनी आपली पापं काढून तपासली. बहिणीच्या पेनाचं टोक मोडून पेन गुपचूप परत ठेवलं होतं. मेहुण्याच्या लग्नात सामान उचलायच्या वेळी पाठ धरल्याचं सोंग केलं होतं. पण ही पापं तर चांगली लक्षात होती, म्हणजे ती नव्हेत. विसरलेलं पाप हवं होतं, आणि विसरलेलं असल्यामुळे ते आठवत नव्हतं. उजाडेपर्यंत काका या फेऱ्यात अडकले होते.

सोमवारी दुकान उघडल्यावर ते पाप सापडलं.

वरून तिसऱ्या फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचा खोका होता आणि त्याला खेटून झोपेच्या गोळ्यांचा. कंपनी एक, चंदेरी वेष्टन एक, गोळीचा पांढरा रंग एक. झोपेच्या खोक्यात एक स्ट्रिप मधोमध कापलेली होती, पाच गोळ्या शिल्लक. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात आणि दिल्या की वेगळ्या वहीत लिहायच्या असतात. काकांनी वही पाहिली. कुठेच नोंद नाही. रक्तदाबाच्या खोक्यात पाहिलं, सगळ्या स्ट्रिपा अख्ख्या. आणि गुरुवारी संध्याकाळी, दुकान बंद करता करता, एका हातात फोन धरून काकूंशी गिझरवरून वाद घालत असताना, त्यांनी हेडसरांना रक्तदाबाच्या पाच गोळ्या कापून दिल्या होत्या.

काकांनी उरलेला तुकडा उलटून पाहिला, नाव झोपेच्याच गोळीचं. कापायची त्यांची एक पद्धत होती, सव्वीस वर्षांची. नावाचा आणि तारखेचा तुकडा दुकानात ठेवायचा, कोरा तुकडा गिऱ्हाइकाला द्यायचा, म्हणजे उरलेलं काय आहे ते आपल्याला कळतं. गिऱ्हाइकाला काय कळतं, हा विचार सव्वीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि रोज सकाळी काकांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून काकांचा पेपर काकांच्या आधी वाचायचे. गुरुवारनंतर ते एकदाही आले नव्हते. पेपर तेव्हापासून कोराकरकरीत घडीत पडून होता आणि काकांना त्याचा आनंद झाला होता, हे आठवून त्यांना आणखीनच अपराधी वाटलं.

त्यांनी हेडसरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. या वेळी दोनदाच वाजला आणि कट झाला. "हात पडला असेल झोपेत," काका स्वतःशी पुटपुटले.

अकराच्या सुमारास हेडसरांच्या पत्नी समोरून भाजी घेऊन चालल्या होत्या. काका काउंटरची फळी उचलून धावले.

"वहिनी, सर दिसले नाहीत हो."

वहिनी दचकल्या. पिशवी या हातातून त्या हातात गेली. "झोपलेत," त्या म्हणाल्या.

"आत्ता? अकरा वाजता?"

"हल्ली झोपतात जरा जास्त. येते हं भाऊजी, दूध ठेवलंय गॅसवर."

काकांनी तोंड उघडलं होतं. तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण परवाना गेला तर? सव्वीस वर्षांचं नाव गेलं तर? काकांनी तोंड मिटलं, आणि दूध ठेवलेल्या बाईच्या पिशवीत दुधाच्या पिशव्या होत्या हे पाहून संशयानं त्यांचं डोकं भणाणून गेलं. वहिनी काहीतरी लपवत होत्या. सर उठतच नसतील आणि ही बाई घाबरून गप्प असेल.

संध्याकाळी काका दोन तास इमारतीसमोर उभं राहून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होते. पडदा एकदा हलला. वाऱ्यानं की सरांनी, ते कळेना.

"तुम्ही काहीतरी लपवताय," रात्री काकू म्हणाल्या.

"मी काय लपवणार?"

"तेच विचारतेय. दोन वेळा मीठ घेतलंत आणि पाणी माझ्या पेल्यातलं प्यालात. कोण आहे समोरच्या इमारतीत?"

"हेडसर आहेत."

काकूंना हे उत्तर अपेक्षित नव्हतं, त्यामुळे त्या कुशीवर वळल्या आणि अर्ध्या मिनिटात झोपल्या. काका छताकडे बघत हिशेब करत राहिले. शुक्रवारी एक, शनिवारी एक, रविवारी, सोमवारी. उद्या सकाळी पाचवी. रक्तदाबाचं औषध बंद, वर झोपेची गुंगी, आणि बाथरूमची फरशी ओली.

मंगळवारी सकाळी काकांना युक्ती सुचली. दोन रात्री न झोपलेल्या माणसाला सुचावी तशीच ती होती. रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन सरळ हेडसरांकडे गेलं तर संशय येईल. म्हणून अख्ख्या इमारतीचा रक्तदाब फुकट मोजायचा. तळमजल्यापासून सुरुवात करायची आणि साहजिकच वर हेडसरांपर्यंत पोचायचं. शिवाय सरांना झोपेबद्दल विचारायचं, तर सगळ्यांनाच विचारायला हवं. नाहीतर त्यांनाच का विचारलं, असं होईल.

काकांनी तळमजल्याची बेल वाजवली. डोळे लाल, दाढी वाढलेली, काखेत यंत्र, हातात वही.

"मोफत तपासणी. दुपारी झोपता का?"

"झोपते थोडी," दार उघडणाऱ्या आजी म्हणाल्या.

"किती वाजता? गाढ झोपता? बेल वाजली तर जाग येते?"

आजींनी इमानदारीनं सगळं सांगितलं, काकांनी इमानदारीनं लिहून घेतलं. दुसऱ्या घरातल्या बाईंनी उत्तरं दिली, पण दाराची साखळी काढली नाही. तिसऱ्या घरातही उत्तरं मिळाली. चौथ्या घरातल्या गृहस्थांनी सेक्रेटरींना फोन केला.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे पहारेकरी, न्यायाधीश आणि पाण्याची मोटर चालवणारे, सगळं एकच. ते जिन्यातच आडवे आले.

"काका, वही बघू."

"तपासणीची आहे हो."

सेक्रेटरींनी वही घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "तळमजला, उजवीकडे. एक ते चार, गाढ. बेल ऐकू येत नाही. तळमजला, डावीकडे. साखळी लावतात. पहिला मजला. नवरा बाहेरगावी, बायको गोळी घेऊन झोपते." त्यांनी वही मिटली. "यात रक्तदाब कुठे आहे?"

रक्तदाब मोजायचा राहूनच गेला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"काल संध्याकाळी दोन तास खाली उभे राहून वर बघत होतात, ते पण तपासणीचंच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मला आधी हेडसरांना बघू द्या," काका म्हणाले आणि त्यांना ढकलून जिना चढले. मागून सेक्रेटरी, त्यांच्या मागून साखळीवाल्या बाई, आणि सगळ्यांत शेवटी एकेक पायरी घेत आजी.

दार वहिनींनी उघडलं. काकांना पाहून त्यांचा चेहरा उतरला. "सर झोपलेत," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मला एकदा त्यांचा श्वास बघू द्या."

"श्वास? भाऊजी, अहो, आत नका जाऊ—"

काका आत गेले. खोलीत पलंगावर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून निजलं होतं. दुपारचे बारा वाजले होते. काकांनी हाक मारली, "सर." उत्तर नाही. "सर, पेपर आणू का?" तरीही नाही. हेडसर पेपरला नाही म्हणतात म्हणजे संपलंच.

काका मटकन खाली बसले. "मी मारलं सरांना," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "रक्तदाबाच्या म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. फोनवर भांडत होतो, बघितलं नाही. काल वहिनी भेटल्या तेव्हा सांगायला हवं होतं, परवान्याच्या भीतीनं नाही सांगितलं. पोलिसांना बोलवा. दुकानाची किल्ली घ्या ही."

दारात उभ्या असलेल्यांपैकी पोलिसांना कुणीच बोलावलं नाही. सेक्रेटरींनी किल्ली मात्र घेतली.

"मी मेलेलो नाही," चादर म्हणाली.

चादर हळूहळू खाली आली आणि हेडसर उठून बसले. डोळे लाल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, काकांपेक्षाही वाईट अवस्था.

"मी यांना बाथरूममध्ये लपा म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, मी पांघरूण घेतो."

"मेडिकलवाले, उठा," हेडसर म्हणाले. "गुन्हेगार तुम्ही नाही, मी आहे. कोपऱ्यावर नवीन दुकान निघालंय ना, दोन महिने माझी औषधं तिथून येतात. सून मोबाइलवरून मागवते. आयुष्यभर पोरांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावले आणि रोज सकाळी तुमच्या स्टुलावर बसून तुमचा पेपर वाचत होतो. गुरुवारी सकाळी तुम्ही चहा पाजलात, तेव्हा मला राहवेना. म्हणून संध्याकाळी पाच गोळ्या घेतल्या, नुसत्या मुरवतीखातर. घरी आलो तर आणखीनच लाज वाटली. तेव्हापासून तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नाही आणि डोळ्याला डोळा नाही."

"म्हणजे त्या पाच गोळ्या?"

वहिनींनी कपाटातून कागदी पाकीट आणून दिलं. वरची टाचणीसुद्धा काढलेली नव्हती. काकांनी पाकीट फाडलं आणि तुकडा उजेडात धरला. पाचही गोळ्यांवर मधोमध रेघ होती. त्या कंपनीच्या रक्तदाबाच्या गोळीवर रेघ नसते.

"झोपेच्याच आहेत," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी सगळ्यांच्या वतीनं विचार करून पाहिला. "म्हणजे सर तुमच्याशी बेइमानी करत नसते, तर आज..."

"आज मी पांघरुणाखाली खरोखरच मेलेला असतो," हेडसर म्हणाले.

काकांनी सरांचे पाय धरले. तुम्ही कोपऱ्यावरून औषध घेतलंत, फार उपकार झाले, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. पण हेडसर उठून उभे राहिले होते, आणि उभे राहिले की ते मुख्याध्यापक व्हायचे.

"चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी शाळेतून काढलं नाही," ते म्हणाले. "आजपासून या घरात औषध येईल ते तुमच्याच दुकानातून."

"नको हो सर," काका कळवळून म्हणाले.

"शब्द दिला. सेक्रेटरी, यांची किल्ली परत करा."

सेक्रेटरींनी किल्ली दिली. वहीही दिली, पण झोपेच्या वेळांचं पान फाडून स्वतःच्या खिशात घातलं.

काकांनी त्याच दिवशी झोपेच्या गोळ्या वेगळ्या कपाटात हलवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि स्ट्रिप कापायची कात्री काकूंच्या शिवणाच्या डब्यात टाकली. हेडसर बुधवारी सकाळी स्टुलावर हजर झाले. काकांनी अख्खी स्ट्रिप काढली, नाव तीनदा मोठ्यानं वाचलं, सरांना वाचायला लावलं, तारीख वाचली. सर खुशीत घरी गेले. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण रात्री काका पुन्हा छताकडे बघत पडले. दिली ती तीच ना? सरांची नजर अधू, आपली जागरणाची. दोघांनी मिळून चुकीचं वाचलं असेल तर? चूक माणसानं एकदाच केलेली असते, पण भीती मात्र रोज नव्यानं येते. असे पंधरा दिवस गेले. डोळ्यांखालची वर्तुळं आता हनुवटीकडे निघाली होती.

सोळाव्या दिवशी भर दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून वहिनी दुकानात आल्या. त्यांचेही डोळे लाल होते.

"भाऊजी, रागावणार नाही असं वचन द्या."

"काय झालं? सरांना काही झालं का?" काकांनी काउंटर घट्ट धरलं.

"त्यांना काय धाड भरलीय. ठणठणीत आहेत." वहिनींनी पदराच्या टोकाला पीळ दिला. "ते तुमच्याकडून गोळ्या आणतात ना, त्या मी त्यांना देतच नाही. पहिल्या दिवसापासून. त्या डब्यात ठेवून देते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या देते. त्यांना माहीत नाही. माझी हिंमतच होत नाही हो, काय करू. पण तुमच्यासारख्या माणसाला फसवतेय, सर पण फसतायत, या विचारानं मला पंधरा दिवस झोप नाही. म्हटलं, सांगून मोकळी होते."

काकांनी काउंटर सोडलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीत पुरता श्वास गेला. त्यांना वहिनींना नमस्कार करावासा वाटला, आणि त्यांनी तो केलाही.

"वहिनी, देव तुमचं भलं करो. असंच चालू ठेवा. माझी शपथ आहे तुम्हाला, माझी एक गोळी सरांच्या पोटात जाता कामा नये."

"रागावला नाहीत ना?"

"अहो, आज मी झोपणार." काकांना खरंच आत्ताच, उभ्या उभ्या पेंग येत होती.

वहिनींचा चेहरा उजळला. जाता जाता त्या थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी मात्र सवयच मोडलीय हो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय झोपेच्या गोळीची. एक स्ट्रिप काढता का?"

काकांनी चिठ्ठी नीट वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून वहिनींच्या हातात परत ठेवली आणि जांभई देत कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ती पण तिकडूनच घ्या."