हसूदादांची गोधडी

दोर बांधून ओढत नेलेल्या, इंजिन नसलेल्या गाडीत बसून उजवीकडं वळायचा हात दाखवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. माझ्याच टेम्पोच्या आरशात पाहिलाय, आणि एकदा नव्हे. पुढं मी, मध्ये दोर, मागं भंगारातून उचललेली गाडी आणि तिच्या स्टेअरिंगवर आमचे घरमालक हसुराम म्हात्रे, म्हणजे हसूदादा. समोरची काच नसते म्हणून डोळ्यांवर गॉगल. हॉर्न नसतो म्हणून तोंडानं "पों, पों". आणि वळण आलं की खिडकीतून हात बाहेर, अगदी सावकाश, लायसनच्या परीक्षेला बसल्यासारखा.

पनवेलजवळ विचुंब्याला दादांची बैठी चाळ आहे. तिच्यातल्या कडेच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. जन्मभर डंपर चालवून दादा घरी बसले, म्हणजे बसले नाहीत. त्यांनी अंगणात गाडी बांधायला घेतली. विकत घ्यायची नाही, बांधायची. त्यासाठी कुठं कुणी मोडकी गाडी काढली, की दादा आधी जाऊन तिच्याभोवती एक फेरी मारतात, बोनेटवर पंजा ठेवतात आणि म्हणतात, "जीव हाय हिच्यात."

हे वाक्य ते सगळ्यांनाच लावतात. तीन पायांच्या खुर्चीला, शिळ्या भाकरीला, त्यांच्या बायकोनं, म्हणजे जनावहिनींनी, फेकायला काढलेल्या छत्रीला. समोरच्या टॉवरमधले एक साहेब एकदा फाटकाशी येऊन म्हणाले, "काका, हे भंगार कधी हलवणार?" दादांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. ती आयकते."

गाडी आणायची म्हणजे टोचन करायचं, असा आमच्या धंद्यातला शब्द आहे. दोर लावून ओढत आणायची. पहिल्या वेळी मी घाबरत घाबरत सुचवलं, "दादा, माझ्या ओळखीचा क्रेनवाला आहे. पाठीवर टाकून आणील." दादा माझ्याकडं बघतच राहिले.

"मयत हाय का रं ती, पाठीव टाकून आनाला? पयल्यांदा घरी येते. आपल्या चाकाव यील. आन एकटी नाय येनार, मी बसनार तिच्यात. नवरीसंगती पाठराखीन नसते का?"

त्याच दिवशी कळंबोलीच्या सिग्नलला हवालदारानं अडवलं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. खाकी दिसली की न केलेले गुन्हेसुद्धा आठवायला लागतात. मी खाली उतरून हात जोडले, पण हवालदार सरळ मागच्या गाडीकडं गेला.

"लायसन?"

दादांनी खिशातून काढून दिलं.

"गाडीला ब्रेक तरी आहे का?"

"हाय ना सायब. त्यासाठीच तं मी बसलोय."

"आणि मघाशी हॉर्न कोण वाजवत होतं?"

"मीच."

हवालदारानं तोंड दुसरीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मग तो म्हणाला, "जा. पण तोंड मिटून जा."

"मंग वळनाव काय करू?" दादांनी विचारलं, आणि ते अगदी मनापासून विचारलं होतं.

गाडी फाटकात आली की जनावहिनींनी भाकरतुकडा घेऊन उभं राहायचं, हा नियम. तुकडा बोनेटवरून ओवाळून टाकायचा, चाकांवर पाणी घालायचं, मग गाडी आत. वहिनींनी यात कधी कसूर केली नाही, पण तोंडही कधी मिटलं नाही. "लोकांच्या घरान सुना येतात, आमच्या घरान बोनटं येतात." असं म्हणत त्या तुकडा ओवाळायच्या.

अशा आलेल्या गाड्यांतून दादांनी एक गाडी केली. सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं, दरवाजे ज्याच्या त्याच्या नशिबानं. एक लाल, एक पांढरा, एक पोपटी. मागची सीट एस्टीची होती. ती आत जाईना, म्हणून दादांनी सीट कापली नाही, गाडी रुंद केली. छत डंपरच्या पत्र्याचं. वहिनींनी तिला एकदा न्याहाळलं आणि म्हणाल्या, "गोधडी." ते नाव बसलं. दादांनी डिकीवर ते पांढऱ्या रंगानं रंगवूनही घेतलं.

आता माझं सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. माझं गाव नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या पलीकडं. कामासाठी निघालो तेव्हा पनवेलला उतरल्यावर कोणत्या बाजूनं बाहेर पडायचं हेही ठाऊक नव्हतं. एका गाववाल्याचा पत्ता होता, पण तो खोली सोडून गेलेला. मी त्या बंद दारासमोर बॅगेवर बसलो होतो. पलीकडच्या टपरीवर दादा चहा पीत होते. ते उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली, पाठीवर पंजा ठेवला आणि टपरीवाल्याला म्हणाले, "जीव हाय याच्यात." मला घरी आणलं. फाटकात वहिनींनी तुकडा ओवाळला. मला वाटलं, ह्या मुलखात भाडेकरू असाच घेत असतील. तेव्हापासून दादांच्या तोंडी माझं नाव "नांदेड".

टेम्पो घेतला, बरं चाललं, तरी बायको-मुलीला इकडं आणायचं धाडस होईना. खोली लहान, माणसं अनोळखी, बोली वेगळी. शेवटी रुक्मिणच फोनवर म्हणाली, "एकदा येऊन बघते. नाही करमलं तर माघारी येईन. मग पुन्हा म्हणू नका."

झालं. माझी झोप उडाली. तिला काय आवडणार नाही याची मी मनातल्या मनात उजळणी करू लागलो. दादांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी कवा लागते टेशनात?"

"मी रिक्षानं आणतो, दादा."

"रिक्षानं? पयल्यांदा घरी येते ती. गोधडी न्यायची."

गोधडी तोवर अंगणाबाहेर गेली नव्हती. दादा रात्रंदिवस तिच्याखाली झोपून होते, नुसते पाय दिसायचे. वहिनी त्या पायांशी चहा ठेवायच्या. ठरलेल्या सकाळी इंजिन खोकललं, थुंकलं आणि चालू झालं. सामानासाठी टेम्पो न्यायचा होताच. मी गुपचूप त्यात दोर टाकला. दादांनी तो पाहिला.

"इस्वास नाय?"

"आहे ना, दादा. राहू द्या आपला."

नांदेडची गाडी आली. रुक्मिण उतरली, हातात पिठाचा डबा, मागं आमची मुलगी गौरी. रुक्मिणनं गोधडीला एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. दोन्हीकडून वेगळी गाडी दिसते.

"ही एकच हाय का ओ?" तिनं मला हळूच विचारलं.

"एकच हाय, वयनी," दादाच म्हणाले. "बसा. एस्टीची शीट हाय, परकं नाय वाटनार."

नवीन पनवेलच्या चौकापर्यंत गोधडी राणीसारखी गेली. चौकात तिनं एक उसासा टाकला आणि थांबली. मागून हॉर्नचा गलका उठला. मी टेम्पो पुढं लावून धावत आलो. दादांनी बोनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. रुक्मिण खिडकीतून माझ्याकडं बघत होती, आणि मला तिच्या डोळ्यांत परतीचं तिकीट दिसत होतं.

"वयनी, तुमी नांदेडसंगती टेम्पोत बसा," दादा खालच्या आवाजात म्हणाले. "मी येतो हिला घेऊन."

रुक्मिण उतरली नाही. पिठाचा डबा मांडीवर नीट घेत म्हणाली, "आता बसलोय तर बसलोय की. एकटेच मागं राहून तुमी काय करणार?"

मी दोर लावला. टेम्पो हलला आणि आरशात पाहिलं. दादांनी गॉगल चढवला होता. गोधडीला हॉर्न होता, पण जुनी सवय. "पों, पों." मग त्यात एक बारीक "पीं" मिसळलं. डावीकडच्या वळणाला दादांचा हात उजव्या खिडकीतून निघून हवेत गोल फिरला, आणि डाव्या खिडकीतून गौरीचा हात बाहेर आला, सरळ, सावकाश. आणि त्या दोघांच्या मधून, पदर तोंडाला लावून, माझी बायको हसत होती. तिला इतकं हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

फाटकात जनावहिनी उभ्या होत्याच. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. तुकडा रुक्मिणवरून, गौरीवरून आणि शेवटी गोधडीवरूनही ओवाळला, पायांवर पाणी घातलं. ओवाळून टाकलेला तुकडा रुक्मिणनं पाहिला. "तांदळाची भाकर? इथं ज्वारी कुठं मिळती ओ?" ज्वारीची चौकशी करणारं माणूस लगेच माघारी जात नाही, एवढं मला कळतं.

दुपारी वहिनी आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, दादांनी फार त्रास घेतला. रिक्षानं आणलं असतं तरी चाललं असतं."

"त्यांना नाय चालत," वहिनी म्हणाल्या. "आय वारली तवा लहान व्हते. बापानं एस्टीत बसवून मामाकडं धाडला. हितं पनवेलला उतरले, तं घ्यायला कोनी नाय. बोचकं घेऊन ष्ट्यांडाव बसून राहिले. मामा इसरला व्हता."

"मग?"

"मंग काय. दिवस कलला तवा इचारत इचारत चालत आले. दारात आले तं मामी बोलली, आता आलाच हायस तं बस." वहिनींनी पदरानं उंबरा पुसला, तो स्वच्छ असूनही. "मना एकदाच सांगितलं त्यांनी. लग्नाच्या वर्साला. पुन्हा नाय."

अंगणात गौरी गोधडीच्या स्टेअरिंगवर होती. दादा खाली झोपले होते, नुसते पाय दिसत होते. गौरीनं "पीं" केलं की खालून "पों" यायचं.

थोड्या वेळानं ते पाय हलले. दादा बाहेर आले, हात पुसले आणि मला हाक मारली.

"नांदेड, दोर सोडलास का?"

"अजून नाही, दादा."

"ऱ्हाऊ दे मंग. गव्हान गावाला एक हाय, मगाशी फोन आला. दारं नायत, काचा नायत. मालक गाव सोडून गेला." ते टेम्पोकडं चालू लागले. "चल. दिवस हाय तवर आनू. एकटीच उभी हाय ती."