चौगुले अण्णांचा शिक्का

आमच्या चौगुले अण्णांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या नमुन्यावर ‘दुरुस्त करून पुन्हा आणा’ असा लाल शिक्का मारला होता. मुहूर्ताची वेळ सकाळची की संध्याकाळची, ते म्हणे लिहिलं नव्हतं.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लोखंडी जिने आणि कठडे बनतात. आर्किटेक्टच्या नकाशावरून गजागजाचं, भोकाभोकाचं माप घालून शॉप ड्रॉइंग काढायचं, हे माझं काम. ते तपासून शिक्का मारायचा, हे अण्णांचं. मगच कागद आर्किटेक्टकडे मंजुरीला जातो. माझी निम्मी नोकरी तो लाल शिक्का बघण्यात गेली आहे.

“आर्किटेक्ट तपासतीलच की,” असं कुणी म्हटलं की अण्णा भडकतात. “त्यांची मंजुरी म्हंजे आशीर्वाद. जिना पडला तर आशीर्वाद देणाऱ्याला कोण धरतंय व्हय?”

गेल्या महिन्यात एका बालवाडीच्या गॅलरीचा कठडा आला. ड्रॉइंग दुपारी दोनच्या आत गेलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आर्किटेक्टच्या नकाशात दोन गजांमध्ये सहा इंच होते, म्हणून मीही सहाच काढले. अण्णा ते ड्रॉइंग घेऊन बसले ते उठेचनात.

“आर्किटेक्टनंच सहा लिवल्यात की!” मालक ओरडले.

“लिवू देत. पोराचं डोकं त्यांच्या कागदात न्हाय, आपल्या गजात अडकणार.”

“सहा इंचात डोकं जातंय व्हय? मोजलंय कुणाचं?”

मोजलेलं नव्हतं, आणि न मोजता बोलणं अण्णांना जमत नाही. फोन आणि ड्रॉइंग घेऊन ते शेडमागे गेले. मीही मागोमाग. व्हिडिओ कॉलवर मेलबर्नची लेक सुप्रिया होती. मांडीवर तीन वर्षांची मनू. या नातीला अण्णांनी अजून फोनबाहेर पाहिलेलं नाही.

“पप्पा, डोकं कशाला मोजायचं?”

“कामाचं हाय. दोन्ही कानांशी एकेक पुस्तक धर आन् मधलं अंतर सांग.”

“साडेपाच इंच.”

अण्णांनी सहा खोडून चार केले, सही केली, खिशातला ‘तपासले’चा शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी धावत जाऊन तो पाठवला. तासाभरात आर्किटेक्टचा होकार आला, काम आमच्याकडेच राहिलं. ते सांगायला मी परत गेलो, तर अण्णा अजून फोनवरच.

“आता भिंतीला ताठ उभी कर. किती? हां. हात सांग, खांद्यापास्नं.” प्रत्येक आकडा ते डायरीत उतरवत होते. कठड्याला यातलं काहीच लागणार नव्हतं.

“अण्णा, ड्रॉइंग मंजूर झालं,” मी म्हटलं. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

“सुप्रिया, मूठ केवढी झालीया बघ,” ते म्हणाले. “माझं बोट मावंल का तिच्यात?”