मुकी बटणं

गावंडेभाऊ दुसऱ्याच्या गाडीत बसले की पट्टा नंतर लावतात. आधी तर्जनीनं समोरची सगळी बटणं दाबत जातात. एखादं दबत नाही असं दिसलं की थांबतात, मालकाकडे कणवेनं बघतात आणि म्हणतात, "हे मुकं हाये तुमचं. कंपनीनं फसवलं तुमाले."

'मुकी बटणं' ही संज्ञा त्यांचीच. स्वस्त गाडीत महाग गाडीइतकी बटणं नसतात. पण साचा दोघींचा एकच. म्हणून रिकाम्या जागी कंपनी काळ्या प्लास्टिकची झाकणं बसवते. आकार बटणाचा, पण दाबली तर दबत नाहीत. सगळं जग या झाकणांसोबत सुखानं नांदतं. मीही नांदत होतो. माझ्या गाडीत अशी तीन आहेत हे भाऊंनी दाखवलं आणि तेव्हापासून मला गाडीत दुसरं काही दिसत नाही.

दारव्ह्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. भाऊंची हयात एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेली. चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढायचा, धागा किती लांब येतो ते बघायचं आणि समोरच्याच्या तोंडावर सांगायचं, "दुसरी प्रत." निवृत्त झाल्यावर त्यांनी मेव्हण्याकडून त्याची जुनी छोटी गाडी घेतली. त्या जातीतलं सगळ्यात खालचं मॉडेल. जन्मभर जगाला प्रत लावणाऱ्या माणसाला कंपनीनं शेवटची प्रत लावली होती, आणि तीही धागा न ओढता.

"बेइज्जती हाये ही, सर," ते मला म्हणायचे. मी शाळेतून निवृत्त झालो तरी त्यांच्यासाठी सरच आहे. "नसन द्याचं तं नोको देऊ. पन जागा कायले ठेवली? पंगतीत बसवलं, पत्रावळ मांडली, अन् वाढलंच नाई! वरून म्हन्ते, पत्रावळ कशी हाये?"

काही वर्षं हा संताप नुसता तोंडी होता. दिवाळीनंतर शोभावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पाय ओढत का होईना, त्या चालू लागल्या. डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच.

वहिनींचा स्वभाव मागण्याचा नाही. पूर्वी घरातली साखर संपली तर त्या बिनसाखरेचा चहा प्यायच्या, पण शेजारी वाटी घेऊन यायच्या नाहीत. आता तर बांगडी सारखी करायलाही कुणाला तरी हाक मारावी लागते. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. त्यांनी हाक मारणंच सोडलं. तहान लागली तर घरात दुसरं कुणी पाणी पिईपर्यंत थांबायचं. यवतमाळच्या डॉक्टरांकडून पहिल्यांदा परत आल्या त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "मी आता त्या गाडीत बसत नाई." कारण सांगितलं नाही. दर चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला जायचा त्यांचा नेम होता, तोही तुटला. पुढच्या तपासण्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर हात जोडावे लागत. भाऊंनी समजावलं, रुसून पाहिलं, एक वेळ जेवले नाहीत. वहिनी ढिम्म.

आणि अशा वेळी, बायको ओट्यावर खुर्चीत बसून रस्ता बघते आहे अशा वेळी, या गृहस्थानं काय करावं? गाडी सजवायला काढली!

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "भाऊ, ही वेळ आहे का?"

"हेच तं वेळ हाये," ते म्हणाले आणि मलाच गाडीत घालून यवतमाळला घेऊन गेले.

तिथल्या गाडी-सजावटीच्या दुकानात शिरताना डोळ्यांवर हात धरावा लागतो, इतकं तिथे सगळं चमकतं. दुकानदार शकीलभाई मोठा सोशीक माणूस. भाऊंनी काउंटरवर थाप मारली. "कंपनीनं जे जे नाई देलं, ते ते काढा."

"चाचा, गाडी पुरानी आहे. एवढ्या पैशात..."

"गाडी जुनी हाये, इज्जत जुनी नाई!"

मग सुरू झालं. आधी खुर्च्यांना लालभडक कव्हरं आली, इतकी घट्ट की बसलेला माणूस घसरत पुढे यायचा. दोन खुर्च्यांच्या मधे कोपर टेकायची पेटी आली. ती आल्यापासून हँडब्रेक ओढायचा तर आधी कोपर उचलावं लागतं, मग पेटी, मग ब्रेक. तोवर उतारावर गाडी आपला निर्णय घेऊन मोकळी होते. पायाखाली निळे दिवे आले. रात्री आपलीच पावलं बघून दचकायला होतं. पेला ठेवायला कडी आली आणि तिच्यात भाऊंनी पितळी तांब्या बसवला. सगळ्यावर कडी म्हणजे डॅशबोर्डवर सागवानी लाकडाचा स्टिकर! या जिल्ह्यात सागाची जंगलं आहेत. आमच्या दाराच्या चौकटी सागाच्या, पाट सागाचा. आणि हा माणूस सागवानाचा छापील कागद विकत घेऊन प्लास्टिकवर चिकटवतो आणि वर विचारतो, "कसा दिसून राह्यला?"

"लाकूड लाजेल," मी म्हणालो.

"लाजू द्या. कंपनी लाजली पाह्यजे."

एकेक करत मुक्या बटणांना वाचा फुटली. एकानं दिवे लागत, एकानं गाणी. शेवटचं झाकण गिअरच्या दांड्याजवळ, डाव्या अंगाला होतं. तिथे बटण आलं, पण ते कशाचं ते भाऊ सांगेनात. वर त्यांनी चिकटपट्टी लावून ठेवली. गल्लीत तर्क सुरू झाले. कुणी म्हणे सायरन, कुणी म्हणे छप्पर उघडतं. मी एकदा पट्टीवर बोट ठेवलं तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. साठी उलटलेल्या माणसाच्या हातावर!

"हात नोको लावू, सर. ते माह्यं नाई."

"मग कुणाचं?"

"लागन तवा समजन."

मी चार दिवस बोललो नाही. घरात आजारी माणूस आणि बाहेर ही गुप्त बटणं! भिंतीपलीकडून गाडीतली गाणी ऐकू यायची आणि माझा पारा चढायचा.

चतुर्थीला सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "सर, कळंबले चाला. तिथं पायऱ्या उतराच्या हायेत, धरायले मानूस पाह्यजे." बाहेर येऊन बघतो तर वहिनी नवं लुगडं नेसून गाडीच्या दाराशी उभ्या.

"एकडाव बसून तं पाह्य," भाऊ त्यांना सांगत होते. "नाई पटलं तं चौकातून वापस. शपथ."

वहिनी बसल्या. मी मागे, लाल कव्हरावरून घसरत. चौक आला, चौक गेला, त्या काही बोलल्या नाहीत. यवतमाळच्या रस्त्याला लागलो. ऊन काचेतून आत येत होतं, काचा बंद होत्या. मागून मला वहिनींची मान दिसत होती, घामानं भिजलेली. पदर तोंडाशी गेला. 

भाऊंनी गाडी बाजूला घेतली. गिअरजवळची ती चिकटपट्टी नखानं काढली आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "दाब."

वहिनींनी उजव्या हाताचा अंगठा ठेवला. त्यांच्या डाव्या बाजूची काच घर्र करत खाली गेली. वारा आत आला. त्यांनी अंगठ्यानं ती वर घेतली. पुन्हा खाली केली. आणि मग तशीच ठेवली.

"त्या दिवशी डाक्टरकडून येताना जीव गुदमरला होता, भाऊजी," त्या मागे न वळता मला म्हणाल्या. "काचीचा हँडल डाव्या दाराले. हात तं हा असा. पदरात ओकले, अन् घरी येऊन धुतला. मले वाटलं, यायले समजलं नाई."

भाऊ कंपनीवर घसरले. "डावीकडचा मानूस डाव्या हातानंच काच उघडन, हे ठरवलं कोनं? बेइज्जती हाये ही!" आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण गाडी सुरू करायला त्यांना दोनदा किल्ली फिरवावी लागली.

मी पुढे वाकून पाहिलं. त्यांच्या दाराला अजून कंपनीचं तेच जुनं, फिरवायचं हँडल होतं.

"भाऊ, तुमच्या बाजूला बटण नाही बसवलं?"

"माह्याकडं कायले? माह्ये हात हायेत ना."

पुढे धूळ उडवत एक ट्रक गेला. भाऊ म्हणाले, "अवं, धूळ येऊन राह्यली, वर घे." वहिनींनी घेतली नाही. भाऊंनी जरा वाट पाहिली, आणि मग आपल्या दाराचं हँडल गरागरा फिरवून आपलीही काच खाली केली.