सक्तीने थांबवा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांसाठी लोधिवलीला उघडलेल्या ‘तत्पर दाखला केंद्रा’चा सर्व्हर रोज पावणेबाराला कोसळत असे. सलग एकोणीस दिवस कोसळल्यावर केंद्रप्रमुख धनेश साहेबांनी ही वेळ दारावरच्या फलकावर रंगवून घेतली, म्हणजे नागरिकांची गैरसोय होऊ नये. विसाव्या दिवशी मात्र कडावच्या पारूबाईंच्या हयातीच्या दाखल्यावर ‘हयात : अर्धी’ असं छापून आलं.

“पोरी, मी कुठली अर्धी जित्ती हाय गं? वरची का खालची?” पारूबाईंनी खिडकीतून विचारलं.

खिडकीमागे दीक्षा होती, केंद्राची एकुलती एक तंत्रज्ञ. तिला आधी हसू आलं, मग लाज वाटली. ती सर्व्हरपाशी जाऊन बसली.

सर्व्हरच्या पोटात एक आभासी यंत्र चाले. त्यात शंभर थ्रेड, म्हणजे न दिसणारे कारकूनच, एकेक अर्ज लिहीत बसत. यंत्र कोसळताना मागे एक टिपण ठेवतं. दीक्षाने ते ओळीने वाचलं. रोज साडेअकरानंतर कोणीतरी थ्रेड सक्तीने थांबवत होतं. थ्रेड नोंद अर्धी टाकून जाई, पुढचा ती पुरी समजून तिच्यावरच लिही, आणि चुकीवर चूक चढत यंत्र आडवं होई. ‘कोणीतरी’चं नावही टिपणात होतं.

“मीच थांबवतो,” धनेश साहेब शांतपणे म्हणाले. “साडेअकरानंतर गर्दीने कामं रेंगाळतात, आणि एखादं दहा मिनिटांवर गेलं की वरच्या कार्यालयाच्या पडद्यावर आपलं केंद्र लाल दिसतं.”

“सर, थ्रेडला थांब म्हणून सांगितलं, तर तो हातातली ओळ पुरी करून थांबतो. मानगूट धरून उचललं तर...”

“सव्वीस वर्षांच्या नोकरीत सांगून थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही, मॅडम. त्यांना कारणे दाखवा नोटीस काढा.”

शंभर नोटिसा निघाल्या. सात दिवसांत एकही खुलासा आला नाही, म्हणून शंभरही थ्रेड उद्धट ठरले.

मग दीक्षाने सविस्तर अहवाल लिहिला आणि त्याच सर्व्हरवरून वर पाठवला. रिवाज म्हणून पहिलं वाक्य गोड ठेवलं होतं : ‘साहेबांच्या दक्षतेमुळे एकही काम दहा मिनिटांवर गेलेले नाही.’ दुसरं वाक्य ‘म्हणूनच’ने सुरू होत होतं. अहवाल पोचायला अकरा मिनिटं लागणार होती. दहाव्या मिनिटाला साहेबांनी ‘सक्तीने थांबवा’चं बटण दाबलं.

वर पहिलं वाक्य पोचलं. साहेबांचा सत्कार झाला, आणि आपल्या पुढचा अर्ज सक्तीने थांबवण्याचं बटण जनतेच्या सोयीसाठी प्रत्येक अर्जदाराच्या मोबाइलवर देण्यात आलं.

यंत्र दर चार मिनिटांनी कोसळू लागलं. नव्या टिपणात साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. बटण दाबणारे अकराशे जण होते. दीक्षा बाहेर येऊन रांगेला म्हणाली, “पुढच्याचं काम पुरं होऊ द्या, सगळ्यांचीच होतील.”

“खरं हाय पोरीचं,” पारूबाई म्हणाल्या. “बटण कोणी दाबायचं नाय.” पदराआड त्यांचा अंगठा चालूच होता.

शेवटी दीक्षाने ती अकराशे नावांची यादी भिंतीवर लावली. लोकांनी गर्दी करून ती मन लावून वाचली, तुम्ही वाचली असती तशीच : आपलं नाव तेवढं वगळून.