नावाच्या जागी ‘आमचे मालक’

अंबुबाईंच्या मालकांची पंचाहत्तरी रविवारी करायची ठरली. निमंत्रण अंबुबाईंच्या नावानं जाणार, हे अंबुबाईंनीच ठरवलं. कंपनीचं काम घरी बसून करणाऱ्या नातीनं, सुकन्येनं, फोनवर पाठवायला एकच मजकूर लिहिला. त्यात नावासाठी रिकामी जागा ठेवली आणि त्या जागेला नियम लावले. नाव आत गेलं की नियमातून फिरून, मान लागूनच बाहेर यायचं. व्याह्याला रावसाहेब, भावाला दादा, लहानग्याला चिरंजीव.

“पायजे तेवढे नियम वाढवता येतात, आज्जी. मूळ मजकुराला हात बी लावायला लागत नाही.”

“मंग माजा बी घाल एक. ह्यांचं नाव म्या लग्नात उखाण्यात घेतलं, त्येवडंच. माज्या निमंत्रणात ते नगं. तितं ‘आमचे मालक’ म्हन.”

“बरं, फक्त आजोबांच्या जागी घालते.”

“फक्त कशाला? कुटंच दिसाय नगं.”

सुकन्येनं नियम घातला. ‘सिद्धराम’ आलं की ‘आमचे मालक’. बाहेर कडुनिंबाची सावली अंगणात डुलत होती, पलीकडचे यंत्रमागसुद्धा पेंगत पेंगत खटखटत होते. अंबुबाईंच्या डोळ्यांपुढं पाट आला, पाटावर फेटा बांधलेले मालक आणि जन्मात एकदा तरी त्यांच्याकडंच बघणारी सगळी माणसं. घरात त्यांच्याकडं बघायला कुणाला सवड नसायची. अंबुबाई समोर असताना दुसरीकडं बघायची कुणाची छाती होती?

पण ग्रामदैवताचं नाव पोराला ठेवायची या गावाची जुनी खोड. सोलापुरात कुठल्याही गल्लीत ‘सिद्धराम’ म्हणून हाक मारा, चार दारं उघडतात.

निमंत्रणं गेली आणि शनिवारी पहिला फोन आला तो गिरणीवाल्या मथुराबाईंचा.

“अंबूआक्का, आमच्या ह्यांना ‘आमचे मालक यांस नमस्कार’ म्हणून आलंय. आमचे हे तुमचे कवापास्नं?”

“तुमच्या ह्यांचं नाव बी सिद्धरा... त्येच हाय न्हवं? मशिनीनं घोळ केला, बाई.”

“ह्यास्नी घोळ वाटंना. सकाळधरनं आरशापुढं हायेत.”

मग अक्कलकोटच्या सिद्धरामांनी फार अदबीनं विचारलं, फेट्याचं माप कळवायचं का? तेव्हा अंबुबाईंनी सुकन्येला कामातून उठवलं. “सगळ्या त्या नाववाल्यांना धाड. लिही, तुमी आमचं मालक न्हाय.”

सुकन्येची मीटिंग चालू होती. तिनं एका हातानं पाठवून दिलं. नियम अजून तिथंच होता. घरोघर मजकूर पोचला, ‘आमचे मालक, तुम्ही आमचे मालक नाही.’

त्या नावाचे एक गृहस्थ घरच्या ओसरीवरच बसले होते. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, टोपी घातली आणि चपला शोधल्या.

“कुटं निघाला?” अंबुबाईंनी विचारलं.

“तळ्यावर. उद्याच्याला पाटावर दुसरं कुणीतरी बसीव. लई जण तयार हायेत म्हनं.”

अंबुबाईंना वाटलं, चहाला येतील. चहा निवला. फोन केला तर उचलेनात. उद्याचा पाट रिकामा दिसायला लागला, तशा त्या सुकन्येशेजारी येऊन बसल्या.

“आज्जी, नियम काढते. नाव घालूनच लिहूया.”

अंबुबाईंनी निवलेला चहा बाजूला सारला. “लिही.”

‘सिद्धराम, घरी या. अंबुबाई.’

थोड्या वेळानं दार वाजलं. दारात गिरणीवाले सिद्धराम, डोक्याला गुलाबी फेटा.

“तुमच्या ह्यांनी, अण्णांनी, ह्यो निरोप मला पुढं पाठवला. म्हनले, माज्या बायकूनं असं मला कदी लिवलं न्हाय. तुजंच असंल.”

अंबुबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच निघाल्या.

सिद्धेश्वर तलावाचं पाणी हलत नव्हतं. देऊळ त्यात उलटं उतरलं होतं, जणू खाली आणखी एक सोलापूर दुपारचं झोपलं होतं. कट्ट्यावर म्हाताऱ्यांची रांग.

“अहो,” अंबुबाई म्हणाल्या.

सगळी रांग वळली. जन्मभर प्रत्येकाला घरी हीच हाक. वळले नाहीत ते मालक.

अंबुबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “सिद्धराम.”

कट्ट्यावरचे दोघे उठले. शेंगावाला टोपली ठेवून म्हणाला, “काय, आक्का?”

“तू बस रं.” त्या जाऊन मालकांशेजारी टेकल्या. “हाक मारली की.”

“ऐकली. कुनाला व्हती?”

“तुमाला.”

मालक पाण्यातल्या कळसाकडं बघत म्हणाले, “पुन्यांदा म्हन. शेंगावाला मधीच बोलला.”

अंबुबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि नाव घेतलं. इतकं हळू की शेंगावाला जागचा हलला नाही.

“न्हाय आलं ऐकू,” मालक म्हणाले.

त्यांचे कान चांगले शाबूत होते.