शेवटच्या नंबराची रांग

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. मला ठाऊक असतं तर मी इथं तुमच्यापुढे घसा कोरडा करत बसलो असतो का? मांडी घालून बसा. मागचे दोघे, चुळबुळ बंद.

तर हे अस्वल एकदा दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडे गेलं. गेलं होतं मधाच्या शोधात, पण पुढं सांगताना ज्ञानाच्या शोधात गेलो असं सांगायचं. चालता चालता बर्फ लागलं. थंडी पडली की अस्वलाला झोप येते. एका मठामागे गुहा होती. तिथं ते बसल्या बसल्या झोपलं ते तीन महिने उठलंच नाही.

मठातल्या भिक्षूंनी पाहिलं. हलत नाही, खात नाही, बोलत नाही. "केवढी ही समाधी," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यापुढे लोण्याचा दिवा लावला. तुम्ही सकाळी सातपर्यंत झोपलात तर आई पांघरूण ओढते. एकेकाचं नशीब असतं.

अस्वल जागं झालं तोवर भिक्षूंचं ठरून गेलं होतं की आपले वारलेले थोर लामाच हा जन्म घेऊन परत आले आहेत. अस्वलाला भूक लागली होती. भुकेल्या पोटी वाद कोण घालणार? त्यानं लोणी खाल्लं, महिनाभर मान डोलावत धर्म ऐकला आणि फाल्गुनात ते घरी परतलं. येताना एक घंटा आणली, पितळेचं एक वज्र आणलं, कापडावरचं एक चित्र आणलं आणि एक पदवीही आणली. तिकडे गुरूला रिंपोचे म्हणतात. रिंपोचे म्हणजे लाखमोलाचा. आपल्याकडे आई पोराला सोन्या म्हणते, तसंच, पण पोरानं इतकं मनावर घ्यायचं नसतं.

रिंपोचेंनी नदीकाठी सभा भरवली. चित्र फांदीला टांगलं. चित्रात अवलोकितेश्वर होते. त्यांना हजार हात आणि प्रत्येक तळहातावर एक डोळा. जगात कुठंही कोणी रडलं की त्यांना दिसतं, आणि प्रत्येक रडणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एक हात मोकळा असतो.

"आपला मार्ग महायान," रिंपोचे म्हणाले. "यान म्हणजे गाडी. ही मोठी गाडी आहे. एकट्यानं तरून जायचं नाही, सगळ्यांना बसवून न्यायचं. म्हणा माझ्यामागून. सगळे पैलतीराला जाईपर्यंत मी जाणार नाही."

सगळ्या जंगलानं म्हटलं. वाघानं म्हटलं, हरणांनी म्हटलं, माकडांनी तर दोनदा म्हटलं. शपथ फार सुंदर होती, बाळांनो. मी थट्टा करतोय ती शपथेची नाही. ऐकताना त्या वाघाच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं.

सभेला एकटी साळूबाई तेवढी आली नव्हती. साळूबाई म्हणजे साळिंदरीण. त्याच दिवशी तिला दोन पिलं झाली होती, म्हणून ती बिळात होती. तिचा नवरा साळोजी मात्र पहिल्या ओळीत बसून शपथ घेऊन आला.

"तूही घे," तो घरी येऊन म्हणाला. "सगळ्या जगाचा भार घ्यायचा."

"अहो, दोन पोरं आणि एक नवरा एवढ्यांचा झाला तरी माझी कंबर मोडते," साळूबाई म्हणाली. "तुम्ही घ्या जगाचा. येताना दोन कंद आणा."

कंद आले नाहीत. व्रत आलं होतं, कंद कुठून येणार?

आता मजा ऐका. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळे जमले आणि पाणी कोणीच पिईना. "आधी तुम्ही," सांबर म्हणालं. "छे, आधी तुम्ही," रानडुक्कर म्हणालं. वाघ हरणाला म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे व्हा, मी मागं आहेच." हरणाला ते फारसं आवडलं नाही, पण व्रत म्हणजे व्रत.

मग जंगलाच्या ध्यानात आलं की जो सगळ्यात मागं उभा, त्याची करुणा सगळ्यात मोठी. झालं. पुढं असेल तो हळूच निघायचा आणि मागं जाऊन उभा राहायचा. त्यामुळे दुसरा पुढं यायचा, मग तोही निघायचा. रांग पाण्यापासून मागं मागं सरकत टेकडीवर चढायची. संध्याकाळी तहान अगदीच अनावर झाली की सगळे डोळे मिटून एकदम पाण्यात तोंड घालायचे. डोळे मिटले म्हणजे कोण पहिला ते कळत नाही.

या शर्यतीत साळोजीला हरवणारा जन्माला यायचा होता. का सांगू? साळिंदराला उलटं चालता येतं. रागावलं की ते पाठ करतं, काटे फुलवतं आणि मागच्या मागं धावत जातं. तेव्हा साळोजी रांगेच्या शेवटी काटे फुलवून उभा राहायचा. त्याच्या मागं कोण जाणार? जो यायचा तो मुकाट्यानं त्याच्या पुढं उभा राहायचा आणि साळोजी आनंदानं एक पाऊल मागं व्हायचा. जंगल त्याला अंत्यश्रेष्ठ म्हणू लागलं. घरात साळूबाई एकटी कंद उकरत होती.

मग वैशाख आला. एके दुपारी टेकडीच्या माथ्यावरून धूर दिसला. वणवा लागला होता आणि वारा नदीकडे होता.

नदीला वरच्या बर्फाचं पाणी आलेलं, पोहायची सोय नाही. पलीकडे हिरवंगार रान. मधे एक साकव, म्हणजे या काठावरून त्या काठावर आडवं पडलेलं सागाचं एक खोड. एका वेळी एकानं जावं एवढीच जागा. पळत गेलं असतं तर अर्ध्या घटकेत अख्खं जंगल पार झालं असतं.

पण साकवाच्या तोंडाशी रांग लागली होती.

"आधी तुम्ही," ससा म्हणाला.

"माझ्याआधी ही मुंगूसताई," सांबर म्हणालं.

"मी? मी इतकी स्वार्थी दिसते का?" असं म्हणून मुंगूस रांगेच्या शेपटाकडे गेलं.

रांग मागं सरकू लागली. नदीपासून दूर आणि टेकडीकडे. टेकडीवर काय होतं ते सांगितलंच आहे. रिंपोचे साकवाच्या तोंडाशी डोळे मिटून घंटा वाजवत होते. त्यांना ठाऊक होतं की गुरू शेवटी गेला पाहिजे. साकव अगदी जवळ आहे हेही त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून घंटा जरा जास्तच वेगानं वाजत होती.

साळूबाई दोन्ही पिलांना पुढं घालून धावत आली. "वाट द्या हो," ती म्हणाली.

"या, या, वहिनी," सगळे खूष होऊन म्हणाले. कोणाला तरी आधी जाऊ दिल्याचं पुण्य आपसूक मिळत होतं.

कोल्हा तेवढा हसला. "वहिनींची बिचारीची एकट्यापुरती ढकलगाडी. आणि पळताय कशाला? रिंपोचेंनी शिकवलंय ना, सगळं शून्य आहे. आग शून्य, धूर शून्य."

"भाऊजी, तुमची शेपटी धुमसतेय," साळूबाई म्हणाली आणि साकवावर चढली.

पैलतीराला तिनं पिलांना एका कपारीत बसवलं आणि वळून पाहिलं. अख्खी रांग तिथंच. आणि रांगेच्या पार शेवटी, ज्वाळांपासून पन्नास पावलांवर, काटे फुलवून तिचा नवरा.

कंद न आणणारा असला तरी तो तिचा होता. त्याच्या पाठीची ऊब नसली तर तिला थंडीत झोप लागत नसे. "इथून हलू नका," तिनं पिलांना बजावलं आणि ती साकवावरून परत आली. शपथ न घेतलेली ती एकटीच, आणि परत येणारीही ती एकटीच. पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे आपापल्या करुणेत होते.

"अहो, चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"कसा येऊ?" साळोजी म्हणाला. त्याचे काटे भीतीनं खुळखुळत होते. "अगं, दोन महिने राखलेली जागा आहे. आता पुढं गेलो तर लोक काय म्हणतील?"

"पोरं पलीकडे रडतायत."

"सगळे गेले की येतोच ना मी."

साळूबाईनं रांगेकडे पाहिलं. सगळे कधी जाणार ते तिला कळून चुकलं. मग ती काहीच बोलली नाही. बायको काही बोलेनाशी झाली की सावध व्हावं, हे साळोजीला एवढ्या संसारात कळायला हवं होतं. ती वळसा घालून त्याच्याही मागं गेली, आग आणि तो यांच्या मधे.

"तिथं कोणी उभं राहत नाही," साळोजी म्हणाला. "ती माझ्या मागची जागा आहे."

साळूबाईनं पाठ केली, काटे फुलवले आणि मागच्या मागं धाव घेतली.

साळिंदराला काटा टोचतो का, असं तुम्ही विचाराल. बायकोचा टोचतो. साळोजी कळवळून गर्रकन वळला आणि त्याचे फुललेले काटे पुढच्या वाघाच्या पायांत घुसले. वाघानं डरकाळी फोडून उडी घेतली. ती डरकाळी ऐकल्याबरोबर हरणांना आपण हरणं असल्याचं आठवलं. हरणं सुटली, त्यांच्या धक्क्यानं सांबर सुटलं, डुक्कर सुटलं, ससा तर सांबराच्या शिंगात बसूनच पार झाला. कोणी थांबू पाहिलं की साळूबाई होतीच. एकाला एक काटा, दुसऱ्याला दुसरा. मोठी गाडी सुरू झाली होती.

शेवटी तिघं उरली.

"जा आता," साळूबाई नवऱ्याला म्हणाली.

"मी तुझ्याआधी गेलो हे कोणाला सांगू नकोस," असं म्हणून साळोजी पळाला.

रिंपोचेंनी एक डोळा उघडला. "बाई," ते हळूच म्हणाले, "मलाही एक टोच. आपण होऊन गेलो तर व्रत मोडतं."

तिनं जरा मऊ जागा पाहून टोचलं. रिंपोचे पार झाले, तिच्या पुढं घंटा वाजवत. साळूबाई पैलतीराला टेकली आणि साकवाचं ऐलतीराचं टोक धडाधड पेटलं.

सगळे धापा टाकत बसले. ज्याला जिथं टोचलं होतं तिथं तो चाटत होता. कोल्ह्याची शेपटी पार भाजली होती. तो म्हणत होता की परमार्थात शेपटी नाहीच, फक्त व्यवहारात फार दुखते. कपारीत साळोजी पिलांना पोटाशी धरून रडत होता, आणि साळूबाई त्याच्या पाठीचे काटे उपसताना त्याला ओरडत होती. तीही रडत होती.

तेवढ्यात मुंगसानं विचारलं, "सगळ्यात शेवटी कोण आलं?"

सगळ्यांनी साळूबाईकडे पाहिलं. शपथ न घेतलेली आली होती.

रिंपोचे अस्वल असले तरी चार महिने उत्तरेत राहिले होते. त्यांनी काखेत मारून आणलेलं चित्र उलगडून साळूबाईशेजारी धरलं. "पाहा," ते म्हणाले. "हजार हात. आपल्याला ते काटे वाटले. प्रत्येक रडणाऱ्यासाठी एक, आणि ज्याला जसं समजेल तसं समजवायचं. याला शास्त्रात उपाय म्हणतात."

जंगलानं हात जोडले. साळूबाईला उचलून एका उंच शिळेवर बसवलं. पुढं लोण्याचा दिवा ठेवला.

"मला कंद उकरायचेत," ती म्हणाली. "पोरं उपाशी आहेत."

"केवढी ही करुणा," सगळे म्हणाले.

तिच्या हातून एक एक काटा टोचून घ्यायचा, हीच आता खरी दीक्षा, असं ठरलं. लगेच रांग लागली. सगळ्यात पुढं ससा होता.

"आधी तुम्ही," ससा सांबराला म्हणाला.

रांग शिळेपासून मागं सरकू लागली. मागं नदी होती. साळूबाईनं एक मोठा सुस्कारा सोडला, शिळेवरून खाली उतरली आणि वळसा घालून रांगेच्या मागं निघाली.

तात्पर्य: सगळ्यांना तारून नेणारी गाडी जरूर असावी, तिच्यात जरूर बसावं. फक्त धक्का मारायला एक जण असा शोधून ठेवावा, ज्याला गाडीत बसायला वेळ मिळालेला नाही.